पुढची दोन, मागची दोन

त्या दिवशी टायरच्या दुकानात आम्ही दोघं बहीणभाऊ एवढ्या मोठ्यानं भांडत होतो की शेजारच्या पंक्चरवाल्यानं आपला कॉम्प्रेसर बंद केला आणि दारात येऊन उभा राहिला. आई आमच्या मागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. नुकतंच तिचं डायलिसिस झालं होतं, पुरे चार तास. डाव्या हाताला पट्टी, ओठ सुकलेले. तिला घरी नेऊन निजवायचं सोडून आम्ही टायरवर भांडत होतो. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, कारण तेव्हा मी बरोबर होते ना!

आम्ही मलकापूरला राहतो. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते, धाकटा भाऊ लेथवर काम करतो, आणि आई. घरात तिघंच. दोन वर्षांपूर्वी आईची मूत्रपिंडं थकली आणि डायलिसिसचा नंबर कोल्हापुरात लागला. मंगळवार आणि शुक्रवार. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, पाऊस असला तर विचारूच नका. पहिले दोन महिने तिला एसटीनं नेलं. परत येताना तिला उलट्या व्हायच्या. एकदा बांबवड्याच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली आणि लोक म्हणाले, काय ओ, म्हातारीला असं फिरवताय? तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली.

तिच्या हाताचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डायलिसिसला जोरानं वाहणारं रक्त लागतं, म्हणून कोपराजवळ छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. त्याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. आई 'माझं मशीन' म्हणायची. वरून बोटं ठेवली की आत घर्र लागतं, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं. ते लागतंय तोवर सगळं ठीक. त्या हातानं वजन उचलायचं नाही, बांगडी घालायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, आणि धक्का तर अजिबात नाही. आत गुठळी झाली की खेळ खलास. आईच्या शिरा बारीक. मनगटापाशी केलेला पहिला प्रयत्न फसला होता, हा दुसरा. डॉक्टर म्हणाले होते, "हा हात जपा. पुढचा मिळेलच असं नाही." आम्ही तो हात काचेच्या भांड्यासारखा जपत होतो. गाडीत मागं बसताना मांडीवर उशी आणि उशीवर तो हात. रोज सकाळी चहाच्या आधी आई त्यावर दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चालू हाय." मग मी चहा गाळायची.

तर टायर. जुनी चारही झिजून गुळगुळीत झाली होती आणि मे महिना सरत आला होता. आमच्याकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला पुढं काही सांगायला नको. मला हवी होती ती बाराही महिने चालणारी, खोल खाचांची टायर. पाणी कापत जाणारी, आवाज करणारी, दिसायला अगदीच साधी. भावाला हवी होती उन्हाळी परफॉर्मन्स टायर. कारण साहेबांना नाद! कोल्हापूरच्या बाहेर गाड्या पळवायचा एक ट्रॅक आहे. महिन्यातून दोन रविवारी हा तिथं आमची गाडी घेऊन जायचा आणि अर्धा सेकंद वाचवून यायचा. तो अर्धा सेकंद वाचवून त्याचं काय करायचा देव जाणे. घरी दोन तास पारोसा लोळायचा.

"आक्का, हात लावून तर बघ," तो टायरवरून असा हात फिरवत होता जसा बैलबाजारात खोंडाच्या पाठीवरून फिरवतात. "रबर बघ कसलं मऊ हाय. वळणाला चिकटून बसतंय."

"आईला वळणाला चिकटवायचं न्हाई, दवाखान्यात पोचवायचंय."

"अगं, ब्रेक बी भारी लागतोय ह्याला."

"जुलैत? वाघबिळाच्या उतारावर? ओढ्यासारखं पाणी वाहत असतंय तिथं!"

दुकानदार मधे पडला. बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "बाई, उन्हाळी टायर पावसात वाईटच असं काय न्हाई बघा. आपल्यात बर्फ थोडंच पडतंय. चांगल्या खाचांचं असंल तर पावसात बी झकास चालतंय. पण पावण्यांना आवडलंय ते ट्रॅकवालं हाय. खाचा उथळ हायत. कोरड्यात वाघ, साचलेल्या पाण्यात शेळी."

"ऐकलंस?" मी भावावर उलटले. "शेळी!"

"कोरड्यात वाघ म्हणले ते न्हाई ऐकलंस!"

आणि पुन्हा सुरू. गाडी माझीही, गाडी त्याचीही. रोज कोण चालवतं, आईला कोण नेतं, मागच्या वर्षी बॅटरी कुणी बदलली, सगळं निघालं. पंक्चरवाल्यानं तर आता खाली बसायला डबा ओढला होता.

"गप बसा!" आई म्हणाली.

तिचा आवाज काही मोठा नव्हता. पण लहानपणापासून त्या आवाजाची सवय, दोघंही गप्प झालो. आमच्या घरात एक रीत होती. पेरू असो, भाकरी असो, दिवाळीचे फटाके असोत, भांडण लागलं की आई म्हणायची, एकानं वाटायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. वाटणाऱ्यानं कमीजास्त केलं तर तोच फसणार, म्हणून वाटणी नेहमी चोख व्हायची. वडील गेल्यावर शेताचा तुकडासुद्धा आम्ही असाच वाटला होता. लोक भाऊबंदकीत कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि आमची वाटणी बांधावर उभं राहून अर्ध्या तासात झाली होती. आईला त्या रीतीचा केवढा अभिमान होता!

"दोन त्याची, दोन तुझी," आई म्हणाली. "पोरा, तू वाट. ती उचलंल. मिटवा आणि चला. मला बसवंना आता."

भावानं लगेच वाटलं. "पुढची दोन एक वाटा, मागची दोन एक वाटा. उचल आक्का."

दुकानदारानं दोन्ही हात वर केले. "ओ बाई, ओ पावणं, असं करत न्हाईत! चारी टायर एका जातीची पायजेत. भाकरी हाय का ही, निम्मी निम्मी करायला?"

"तुम्ही बसवा हो," भाऊ म्हणाला. "आमच्या आईचा निकाल हाय."

मी गाडीकडं बघितलं. इंजिन पुढं. स्टिअरिंग पुढं. ओढणारी चाकं पुढची. मग पकड कुठं पाहिजे? पुढं. हे तर शेंबडं पोरगंही सांगेल. मी म्हटलं, "पुढची माझी."

दुकानदार माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, एवढं तरी ऐका. मिसळायचीच असली तर पावसाची जोडी मागं टाका. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जातीया, सावरता येतंय. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरतीया. मग हातात काय ऱ्हात न्हाई."

आता खरं सांगते. मला पटलं होतं. अगदी क्षणभर, पण पटलं होतं. पण भाऊ बघत होता, पंक्चरवाला बघत होता, आणि मी एकदा उचललं होतं. उचललेलं परत ठेवलं तर भाऊ जन्मभर चिडवणार. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "मी आठवीला घर्षण शिकवते. मला शिकवू नका."

तो माणूस टायर काढायला आत गेला. टायर बसल्यावर त्यानं चाकांखाली ठेवायला लिंबं आणली, आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आमच्यात न्हाई करत." आणि आम्ही निघालो.

जून कसा छान गेला! पाऊस आला, रिमझिम, सरळ. पुढची चाकं पाणी कापत जायची आणि मी प्रत्येक वळणाला भावाला म्हणायची, बघ! तोही म्हणायचा, व्हय बाई, तुझंच खरं. मला वाटायचं, कशी जिरवली.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी आठला निघालो. रात्रभर धो धो कोसळत होता आणि उजाडलं तरी थांबायचं नाव नव्हतं. भाऊ चालवत होता, मी शेजारी, आई मागं, मांडीवर उशी. बांबवडं मागं पडलं. रस्त्याच्या कडेचे चर तुंबले होते आणि उसाच्या रानातलं लाल पाणी सडकेवर आलं होतं. वायपर कितीही फिरले तरी काच पुसली जात नव्हती. मी सारखी म्हणत होते, हळू, हळू, अरे हळू की! आणि तो हळूच चालवत होता. साठच्या आतच होता काटा, मी बघितला होता. मला त्याच्यावर ओरडायला काही कारण नव्हतं, तरी मी ओरडत होते.

बांबवड्यापुढच्या छोट्या उतारावरचं डावं वळण तसं काही अवघड नाही. शेकडो वेळा आम्ही तिथनं गेलोय. वळणात पाणी साचलं होतं. भावानं पाय ब्रेकवर नुसता टेकवला. पुढची चाकं वळली, अगदी आज्ञाधारक. आणि माझ्या पाठीमागं काहीतरी हलकं झालं. गाडीचं बूड जमिनीवरनं सुटलं म्हणा ना. झाडं आडवी पळायला लागली. उसाचं रान समोर आलं, मग मागचा रस्ता, मग पुन्हा उसाचं रान. भाऊ "ए ए ए ए" करत होता. मी काय करत होते आठवत नाही. मागनं एक हात आला आणि माझ्या सीटच्या पाठीवर धाडकन आपटला, माझा खांदा धरायला. आईचा हात. डावा.

गाडी चरात मागचं एक चाक घालून थांबली. तोंड मलकापूरकडं. इंजिन बंद, वायपर मधेच अडकलेले. समोरनं येणारा एक ट्रक लांबूनच थांबला म्हणून, नाहीतर आज लिहायला मी नसते.

"कुणाला लागलं का?" भाऊ म्हणाला. मग एकदम, "आई! हात!"

मी दार उघडून मागं गेले. पावसात भिजतेय हेही कळलं नाही. आई ताठ बसली होती. उशी पायाशी पडलेली. कोपराच्या आतल्या बाजूला लाल व्हायला लागलं होतं. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि दोन बोटं ठेवली.

काही लागेना.

जागा चुकली असेल. बोट जरा वर नेलं. जरा खाली. जरा दाबून. जरा अलगद. पावसानं बोटं बधिर झाली असतील, त्यामुळं कळत नसेल. मी श्वास धरला. दोन वर्षं मी ते मांजर रोज ऐकत होते. आता तिथं नुसती कातडी होती, गार, ओली.

"हाय का?" भाऊ पुढनं वळून बघत होता. चेहरा पांढराफटक. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलेलं, जणू गाडी अजून फिरतेय. "आक्का, हाय का लागतंय?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. तुझी टायर, तुझा ट्रॅक, तुझा अर्धा सेकंद. पण कोल्हापूर अजून पुष्कळ लांब होतं. वाघबिळाचा उतार पुढं होता. मागं आईला धरून बसायला मी पाहिजे होते. तो गळाठला तर चालवणार कोण? त्या पावसात दुसरी गाडी कुठनं मिळणार?

"हाय," मी म्हटलं.

"नक्की? मला बघू दे."

तो सीटवरून हात लांबवत होता. तेवढ्यात आईनं पदर ओढून कोपर झाकलं. "हाय म्हणती न्हवं ती? मला बी लागतंय. तू गाडी काढ आधी."

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

ट्रकवाल्यानं आणि दोन वाटसरूंनी धक्का देऊन गाडी वर काढली. मी मागं आईजवळ बसले. पुढचा सगळा रस्ता भाऊ तीसनं गेला. मागचे लोक हॉर्न मारून शिव्या देऊन पुढं जात होते, त्याला ऐकूही येत नव्हतं. प्रत्येक साचलेल्या पाण्याशी तो जवळजवळ थांबायचा. मी पदराखाली बोटं ठेवून बसले होते. केर्लीपर्यंत बोट हलवलं नाही. म्हटलं, सुरू होईल. आत्ता होईल. हा पूल गेला की होईल. माझ्यासारखी विज्ञानाची बाई, आणि मी रक्ताला हात जोडत होते.

दवाखान्यात टेक्निशियननं आधी बोटं ठेवली, मग स्टेथोस्कोप लावला, मग दुसऱ्या टेक्निशियनला हाक मारली. एवढ्यावरूनच भावाला कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू तर हाय म्हणलीस!" तो बाहेर निघून गेला.

डॉक्टरांनी दुपारी गुठळी काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. मग त्यांनी आईच्या मानेत नळी घातली आणि तिच्यावर डायलिसिस लावलं. उजव्या हाताच्या शिरा तपासून नवीन फिस्टुला जमतो का ते पाहू, म्हणाले. जमेल म्हणाले नाहीत. तोवर नळी, आणि नळीला इन्फेक्शन होऊ नये म्हणून काय काय सांभाळायचं ते नर्सनं मला दोनदा सांगितलं. दोनदा सांगूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आई डोळे मिटून पडली होती. मी तिच्या उशाशी बसले. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "तुझ्या बोटाला घर्र लागलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई."

"मला बी न्हाई. हात आपटला तवाच कळलेलं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"गाडी तो चालवत होता की गं."

मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं. दुकानदार जवळ येऊन काय म्हणाला, पावसाची जोडी मागं टाका म्हणाला, आणि मी त्याला काय बोलले. मला पटलं होतं, हेही सांगितलं. आई ऐकत राहिली. मानेतल्या नळीमुळं तिला डोकं वळवता येत नव्हतं.

"मला काय सांगतीस?" ती म्हणाली. "त्याला सांग जा. सकाळपासनं सवताला दोष द्यायला लागलंय पोरगं."

भाऊ जिन्याजवळच्या बाकावर बसला होता. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला सांगत होता म्हणे, माझ्या टायरांनी घात केला, मी हौशीपायी आईचा हात घालवला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. आयुष्यात त्याच्यासमोर मी कधी खाली मान घालून उभी राहिलेली नाही.

"ऐक," मी म्हटलं. "पुढची उचलली मी. दुकानदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पावसाची जोडी..."

"मागं टाका," तो म्हणाला. "मला ठावं हाय."

"तुला कसं ठावं?"

"दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केलता. म्हणला, बाईंनी ऐकलं न्हाई, तुम्ही तरी घरी पुढची मागं करून घ्या, अर्ध्या तासाचं काम हाय. मी जॅक काढलेला बी. त्या रविवारी, तू शाळेच्या कार्यक्रमाला गेलतीस तवा."

जूनचा सगळा महिना गेला होता. आठ-नऊ फेऱ्या. प्रत्येक वळणाला मी "बघ!" म्हणत होते आणि तो "तुझंच खरं" म्हणत होता.

"मग बदलली का न्हाईस रे?" मी ओरडलेच. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली.

त्यानं मान वर केली. डोळे लाल, पण आवाज अगदी शांत.

"तू वरडली असतीस, आक्का."

एवढा बत्तीस वर्षांचा बाप्या, दिवसभर लोखंड कापणारा, माझ्या ओरडण्याला भिऊन त्यानं काढलेला जॅक परत डिकीत ठेवून दिला होता.